चौकटीबाहेरचे उडीद

ओरत्तनाडूला आम्ही पोचलो, तेव्हा आमची खाण रद्द होऊन तीन दिवस झाले होते.

‘आमची खाण’ म्हणायला आम्ही काही खाणवाले नव्हे. पुण्यातल्या एका छोट्या केबल वाहिनीसाठी मी माहितीपट करते. बावीस मिनिटांचा स्लॉट. तिघांचं युनिट : मी, एक कॅमेरामन आणि त्याचाच मित्र असलेला साउंडवाला. बजेट असं, की जेवणानंतर कुणी आइस्क्रीम खाल्लं तर व्हाउचरवर काय लिहायचं याचा खल होतो. त्या वर्षी वाहिनीच्या साहेबांच्या डोक्यात एक मालिका शिरली होती. खाणी संपल्यावर ओस पडलेली गावं आणि त्या गावांच्या भुताखेतांच्या गोष्टी. “लोकांना ओसाड बघायला आवडतं,” साहेब म्हणाले होते, “घरात चार माणसं सारखी ओरडत असतात ना, म्हणून.”

पहिला भाग आम्ही कोलारचा केला. तिथल्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. जमिनीच्या पोटात तीन किलोमीटरहून खोल उतरलेल्या खाणी. वर उरले ते गंजलेले लोखंडी सांगाडे आणि सोनं काढून घेतल्यावर टाकलेल्या गाळाच्या राखाडी टेकड्या. कॅमेरा कुठंही लावा, ओसाड आपसूक मिळत होतं. एकच गोष्ट आडवी येत होती. रोज पहाटे त्या ‘ओस’ गावातून हजारो माणसं डबे घेऊन बंगळूरच्या गाडीला लोंबकळत कामाला जात आणि रात्री परत येत. आम्ही ती गाडी माहितीपटात घेतली नाही. तिची शिट्टी तेवढी घेतली. रात्रीच्या शॉटखाली ती छान भेसूर वाजली.

कोलारची जहागीर एके काळी शहाजीराजांकडे होती, हे साहेबांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांचं बोट नकाशावरून खाली सरकू लागलं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी कर्नाटकातूनच कावेरीकाठी उतरले आणि १६७० च्या दशकात त्यांनी तंजावरला भोसल्यांची गादी मांडली. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडु. तिथं दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं एक जुनं अन्नछत्र. आणि २०२३ च्या मार्चअखेरीस केंद्र सरकारनं कोळशाच्या जागांच्या लिलावाची जी यादी काढली, तीत याच ओरत्तनाडु तालुक्यातलं वडसेरी. तिथल्या शेतांखाली लिग्नाइट आहे, तपकिरी कोळसा. “मराठे आहेत, खाण आहे, पडकी इमारत आहे,” साहेबांनी बोटांवर मोजलं, “भूत तेवढं तू शोध.”

तिकिटं निघाली. मग एप्रिल उजाडला. तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ४ तारखेला पंतप्रधानांना पत्र लिहिलं, ५ तारखेला विधानसभेत त्यावरून चर्चा झाली आणि ८ तारखेला कोळसामंत्र्यांनी जाहीर केलं, की तमिळनाडूतल्या तिन्ही जागा यादीतून वगळल्या. खाण संपून गाव ओस पडायचं, तर आधी खाण हवी. आमची तर पहिली कुदळ पडायच्या आधीच मिटली. मी साहेबांना फोन केला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “छत्र तर कुठं पळालं नाही ना? जाऊन या.”

तंजावरात आम्ही उतरलो ते एका आक्कांकडे. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या घरात मराठी कित्येक पिढ्या मुरलेली. शब्द आपले, हेल तमिळ, आणि मधूनच एखादं क्रियापद असं यायचं, की जुन्या बखरीचं पान उलटल्यासारखं वाटे. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी सांबाराची गोष्ट सांगितली. संभाजी नावाच्या राजपाहुण्यासाठी आमटी करायची होती, मुदपाकखान्यात आमसुलं नव्हती, म्हणून चिंच घातली आणि त्या पाहुण्याचं नाव आमटीला चिकटलं. “खरंच असं झालं होतं?” कॅमेरामननं विचारलं.

“तुला अजून वाढू की नको, ते सांग,” आक्का म्हणाल्या.

मुक्तांबेची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐकली. दुपारची वेळ होती. झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या आणि साउंडवाला त्या आवाजामुळे मनातल्या मनात कळवळत होता. सरफोजीराजांचा तिच्यावर फार जीव. पण लग्न झालेलं नव्हतं, राणी म्हणून तिला कधी मिरवता आलं नाही. ती लवकर गेली. जाताना राजानं विचारलं, तुझ्यासाठी काय करू? ती म्हणाली, माझ्या नावानं एक छत्र बांधा, वाटसरू जेवू देत. राजानं ओरत्तनाडूला छत्र बांधलं आणि त्या वस्तीला मुक्तांबाळपुरम असं नाव दिलं. आक्का थांबल्या. “झालं. एवढीच गोष्ट.”

“आणि मग ती तिथं दिसते वगैरे?” मी विचारलंच. साहेबांचं मीठ खाल्लेलं.

“वाढणाऱ्या बाईकडं कोण बघतं गं?” आक्का म्हणाल्या. “सगळे पानाकडं बघतात.”

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्याच्यापुढं कंसात लिहिलं, ‘भूत नाही.’

काशीची गंगा रामेश्वरला आणि रामेश्वरची वाळू काशीला, हा आपल्या आज्या-पणज्यांचा हिशेब. ही वाट तंजावर मुलखातून जाई आणि तिच्या कडेनं तंजावरकर भोसल्यांची छत्रं ओळीनं उभी राहत गेली. आपलं अन्नछत्र, तेच तमिळमधलं ‘चत्तिरम’. नीडामंगलमला यमुनांबाळ, मणमेल्कुडीला द्रौपदांबाळ, मिमिसलला राजकुमारांबाळ. छत्रांना नावं बायकांची. तमिळमध्ये अंबाळ म्हणजे देवी, आई. राण्यांच्या या माळेत राणी न झालेली मुक्तांबाही त्याच ‘अंबाळ’नं ओवली गेली. रामेश्वरला चाललेला कुणी थकला-भागला यात्रेकरू त्या नावाच्या दारात बसून जेवत असेल, तेव्हा ही बाई राजाची कोण, हे त्याला विचारायचंही सुचलं नसेल.

आणि राजा तरी कोण? दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहानं राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलं. त्यांच्याकडे उरला किल्ला, तनखा आणि ‘राजा’ हा शब्द. दुसरा कुणी असता तर त्या किल्ल्यात स्वतःच भूत होऊन बसला असता. यांनी सरस्वती महालात पोथ्या आणि पुस्तकं जमवली, धन्वंतरी महालात औषधं करवली, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट टिपणं ठेवली, जगाचा भूगोल मुलांना कळावा म्हणून मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली आणि १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. ओरत्तनाडूचं छत्र त्याच्या आसपासचंच, १८०२ चं. म्हणजे राज्य गेल्यावर तीन वर्षांनी.

त्याच्या थोडं आधी, १८०१ च्या जानेवारीत, सरफोजींनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र पाठवलं. छत्रांना लावून दिलेली गावं कंपनीनं काढून घेऊ नयेत, अशी विनवणी. पण विनवणीपेक्षा त्या पत्रात छत्रातला दिनक्रमच जास्त आहे. येणाऱ्याला जात न विचारता भात. जो दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खात नाही, त्याला कोरडा शिधा. पावसात अडकलेल्याला पाऊस थांबेपर्यंत जेवण. आजारी पडला तर औषध आणि पथ्याचं. विषारी जनावर चावल्यावर उतारा देणारा वैद्य. मेला तर त्याच्या धर्माप्रमाणे क्रियाकर्म. तान्ह्यांना दूध. बाळंतीण झालेल्या बाईला तीन महिने राहायची मुभा. वाटेत आईबाप गेलेली पोरं पंतोजींच्या स्वाधीन. त्यांना तीनदा जेवण, दर चार दिवसांनी अंगाला तेल, शिकणं आणि शिकून झाल्यावर लग्नाची सोय. पत्र वाचताना मला दर वेळी त्या तेलापाशी थांबायला होतं. राज्य गमावलेला माणूस कंपनीच्या साहेबाला लिहायला बसतो आणि अनाथ पोराच्या अंगाला लावायचं तेल त्याला विसरता येत नाही.

आणि ती घंटा. छत्रात मध्यरात्रीपर्यंत पंगती चालत. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करत : अजून कुणी जेवायचं राहिलं असेल, तर या, तुमच्यासाठी भात ठेवला आहे.

साहेबांना मध्यरात्रीचा आवाज हवा होता. मी वहीत लिहिलं, ‘घंटा!’ आणि खाली दोन रेघा ओढल्या. तोवर माझ्या डोक्यात तो शॉट भुताचाच होता. अंधार, पडके खांब आणि कुठूनतरी घंटा.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यानं निघालं की तासाभरात ओरत्तनाडु येतं. गाडी चालवणारे अण्णा आमचे दुभाषेही होते. दोन्ही बाजूंना शेतं, मधून नारळीच्या बागा. बागांत कुठं कुठं नारळ लहान, एकाच वयाचे. अण्णांनी न विचारताच सांगितलं, “गज.” १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे आलेल्या त्या वादळानं या पट्ट्यातले नारळ आडवे केले. नवे लावले, ते आता माणसाच्या डोक्यावर गेले होते.

वाटेत कालवा लागला. हा कल्लणैचा कालवा. कल्लणै बंधारा चोळ राजा करिकालाचा म्हणून सांगतात. हा कालवा मात्र अलीकडचा, १९३४ साली मेट्टूर धरण झाल्यावरचा. म्हणून लोक त्याला ‘पुदु आरु’ म्हणतात, नवी नदी. कावेरीचं पाणी पूर्वी इकडच्या उंच जमिनीला पोचत नव्हतं; ते या कालव्यानं आणलं. एप्रिलमध्ये तो ठणठणीत कोरडा होता. तळाला भेगा, कडेला वाळकं गवत, मध्ये विटांचे स्टंप करून खेळणारी चार पोरं. कॅमेरामननं गाडी थांबवायला सांगितली. “ताई, हे बघा ओसाड!” तो म्हणाला. पोरांना आम्ही दहा मिनिटं बाजूला थांबवलं. ती काठावर बॅट घेऊन बसली आणि आम्ही नदीचं मढं टिपून घेतलं. अण्णा गाडीला टेकून उभे होते. “मॅडम, जूनमध्ये या ना,” एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, ऊन फार आहे म्हणून म्हणतायत.

वडसेरी तिथून पूर्वेला, मन्नारगुडीच्या दिशेला. खाण रद्द झाली असली तरी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एक वयस्कर शेतकरी बोलायला तयार झाले. अण्णा त्यांना ‘अय्या’ म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. लिग्नाइटबद्दल त्यांना माझ्याहून पुष्कळ ठाऊक होतं. नैवेली इथून लांब नाही. जंबुलिंगम मुदलियारांनी १९३० च्या दशकात विहीर खणली तेव्हा पाण्याबरोबर काळं काहीतरी वर आलं. त्यातून १९५६ मध्ये लिग्नाइटची कंपनी झाली आणि तिच्या भोवती नगर उभं राहिलं. “तिथं कोळशापर्यंत जायला आधी पाणी उपसावं लागतं,” अय्या म्हणाले. कोळशाच्या थराखाली दाबाखालचं पाणी आहे. पंप थांबले तर खाण भरून जाईल, म्हणून रात्रंदिवस उपसा. “आम्ही पाण्यासाठी खणतो, त्यांना पाणी नको असतं.” मग त्यांनी नम्माळवारांचं नाव घेतलं. हिरवं मुंडासं बांधून गावोगाव हिंडणारे ते शेतीवाले म्हातारे, मिथेनच्या प्रकल्पाविरुद्ध फिरता फिरताच ३० डिसेंबर २०१३ ला पट्टुकोट्टैजवळच्या एका गावात गेले. २०२० मध्ये कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश कायद्यानं संरक्षित शेतीक्षेत्र झाला आणि तरीही २०२३ च्या यादीत वडसेरी आलंच.

फोनवर मी त्यांना बातमीतला नकाशा दाखवला. पिवळट कागदावर एक वाकडीतिकडी आकृती, तिला नाव : वडसेरी ब्लॉक. अय्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, आकृती बोटांनी ताणून मोठी केली, आणखी मोठी केली. काही सापडलं नाही. “यात माझं घर कुठं आहे?” त्यांनी विचारलं. घर नव्हतंच. देऊळ नव्हतं, टपरी नव्हती, तळं नव्हतं. आत कुणी राहतं याची एक खूणही नव्हती.

मी विषय बदलला. इथल्या गोष्टी सांगा म्हटलं. त्यांनी वेशीवरच्या अय्यनारचं सांगितलं. मातीच्या घोड्यांवर बसून रात्री गावाभोवती गस्त घालणारा राखणदार. तळ्याकाठच्या सात कन्यांचं सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडं याच साती आसरा. आपल्या कन्या तिकडं महाराष्ट्रातही पाण्याकाठीच बसतात म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. आणि भूत? अण्णांनी प्रश्न तमिळमध्ये केला तशी टपरीवरचे सगळे हसले. “बोअरच्या मोटरला रात्री दोन-तीनला वीज येते,” अय्या म्हणाले, “चाळीस वर्षं मी त्या वेळी शेतात असतो. एकदासुद्धा भेटलं नाही. भेटलं असतं तर मोटर चालू करायला शिकवलं असतं.”

छत्रापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. इमारत बघून मी गप्प झाले. दर्शनी भाग रथासारखा केलेला. चाकं आहेत, ओढणारे हत्ती आहेत, घोडे आहेत. आत लाकडी खांब, त्यांवरचं कोरीव काम धुळीनं मऊ झालेलं. चुन्याचे पापुद्रे निघालेले, कठड्याच्या फटीतून पिंपळानं हात बाहेर काढलेला. पुढं जायच्या तयारीत हा रथ दोनशे वर्षं एका जागी उभा आहे. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. पण तिथल्या पायरीवर बसल्यावर मला वाटलं, जी स्वतः कुठं मिरवली गेली नाही, तिच्यासाठी राजानं अख्खं घरच रथाचं केलं.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे मुलाविना वारले आणि कंपनीनं उरलीसुरली गादीही खालसा केली. छत्रांचा कारभार सरकारी दप्तरात गेला. रेल्वे आल्यावर रामेश्वरला पायी जाणारेही आटले. पंगती कधी मोडल्या याची एकच तारीख सांगता येत नाही. पंगती अशा एका दिवसात मोडत नाहीत. आधी घंटा थांबत असेल, मग रात्रीचा भात, मग दिवसाचा.

प्रकाश सोनेरी झाला होता. कॅमेरामननं ट्रायपॉड लावला, चौकट बघितली आणि वैतागून मान वर केली. रथाच्या बरोबर पुढं, मोकळ्या जागेत, निळ्या ताडपत्रीवर उडीद वाळत घातलेले. भाताची कापणी झाल्यावर त्याच ओलीवर इकडं उडीद घेतात आणि एप्रिलमध्ये त्यांची सुगी असते. कडेला एक बाई खराट्यानं शेंगांची फोलपटं वेगळी करत होती. निळी ताडपत्री, हिरवी प्लॅस्टिकची घमेली, बाईच्या डोक्याला गुंडाळलेला मुलाचा जुना शर्ट. दोनशे वर्षांचं ओसाड त्या उडदांनी एका दमात घालवलेलं.

मी पुढं झाले. “अक्का,” म्हणून हाक मारली. हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्याचा मी फायदा घेतला. अण्णांनी समजावलं. ती काही बोलली नाही. ताडपत्रीचे दोन कोपरे तिनं धरले, दोन अण्णांनी धरले आणि अख्खं पीक भिंतीच्या पलीकडं, चौकटीबाहेर नेलं. घरंगळलेले चार दाणे तिनं वाकून वेचले. मग तीही बाजूला उभी राहिली, हातात खराटा घेऊन, पाहुण्यांचं आटपायची वाट बघत.

शॉट अप्रतिम आला. लांब सावल्या, रथ, कुणी नाही. रात्री आक्कांकडं लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी तो नीट, शेवटपर्यंत बघितला. “छान आलंय,” म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, “पण तिथं माणसं कुठं गेली?”

मी म्हटलं, “आम्ही बाजूला केली.”

आक्कांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. “उद्या किती वाजता जेवणार?” एवढंच त्यांनी विचारलं.

पुण्यात एडिटला बसलो तेव्हा मे लागला होता. आमच्या साउंडवाल्याची एक सवय आहे. शॉट संपला तरी तो कॅमेरा लगेच बंद करू देत नाही. जागेचा स्वतःचा आवाज लागतो, तो जोडकामाला उपयोगी पडतो, म्हणून प्रत्येक शॉटला शेपूट. साधारण अर्धं मिनिट. त्या सोनेरी शॉटच्या शेपटाला मी ‘कट’ म्हणताना ऐकू येते. मग डावीकडून निळी ताडपत्री चौकटीत येते. ती बाई आणि अण्णा ती पूर्वीच्याच जागी, रथापुढं, अंथरतात. ती गुडघ्यावर बसते, दोन्ही हातांनी उडीद पसरते आणि तळव्यानं सारखे करते. सर्रर्र असा आवाज येतो. अंगणात वाळवण घालताना लहानपणी ऐकलेला, कुठल्याही गावात सारखाच येणारा आवाज. मागं हत्ती-घोडे जुंपलेला रथ आणि पुढं बसलेली ती, पीक वाढल्यासारखं पसरणारी. तिच्याकडं कोण बघतं? आम्ही तर तिला उठवलंच होतं.

मी ते शेपूट पुनःपुन्हा बघितलं. नकाशानं वडसेरीत जे केलं, ते मी छत्रापुढं माझ्या हातानं केलं होतं. कोळसा हवा असणाऱ्याला वरचं गाव दिसून चालत नाही आणि भूत हवं असणाऱ्यालाही चालत नाही. दोघांनाही आधी माणसं उठवावी लागतात. फरक इतकाच, की माझ्या चौकटीतून उठलेली बाई पाच मिनिटांत परत बसली. कालव्यातली पोरं आमची गाडी वळायच्या आत परत बॅटिंग करायला लागली होती. कोलारच्या गाडीतले लोक दुसऱ्या दिवशी पहाटे परत डबे घेऊन उभे असतील; मी त्यांची शिट्टी तेवढी चोरली.

सरफोजींचं पत्र मी नव्यानं वाचलं. त्या पत्रात इमारतीचं वर्णन नाही, खांब किती आणि कोरीव काम कसं, यातलं काही नाही. आहेत ती माणसं : भिजलेला, चावलेला, ओली बाळंतीण, पोरकं पोर, उशिरा आलेला. मुलूख गेलेल्या राजानं आपल्याकडं काय उरलं आहे ते सांगताना जेवणारी माणसं मोजली. आणि घंटा होती ती कुणी मोजायचं राहिलं का, ते विचारण्यासाठी. मी तिला अंधारात लपवून भेसूर करायला निघाले होते.

आम्ही माहितीपट पुन्हा जोडला. भूत काढलं. तसं ते मिळालंही नव्हतं. आक्कांचं सांबार आलं, अय्यांची रात्रीची मोटर आली, अय्यनारचे घोडे आले. पत्रातल्या घंटेचं निवेदन जिथं होतं तिथं साउंडवाल्यानं विचारलं, घंटेचा आवाज कुठला लावू? लायब्ररीत चाळीस प्रकारच्या घंटा होत्या. आम्ही एकही लावली नाही. निवेदनाखाली उडीद पसरल्याचा आवाज ठेवला आणि चित्रात ते शेपूट, पूर्णच्या पूर्ण, ताडपत्री येण्यापासून तळवा फिरेपर्यंत.

साहेबांनी बघितलं. “यात ओसाड कुठं आहे?” म्हणाले. मग घड्याळाकडं बघून, “असू दे, स्लॉट भरतोय,” म्हणाले आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली.

कोरड्या कालव्याचा शॉट काढावा की ठेवावा, यावर मात्र आमचा बराच खल झाला. तो खरा होता. एप्रिलमध्ये कालवा कोरडाच असतो. मेट्टूरचं पाणी रिवाजानं २८ जानेवारीला बंद होतं आणि १२ जूनला सुटतं. अण्णा ‘जूनमध्ये या’ म्हणाले होते ते उन्हासाठी नव्हे. शेवटी शॉट ठेवला. पण काठावर बॅट घेऊन थांबलेली पोरं दिसतील असा दुसरा टेक घेतला आणि प्रसारणाच्या दोन दिवस आधी त्याच्या खाली एक ओळ टाकली. माहितीपटातली ती शेवटची ओळ आहे : मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जून २०२३ रोजी उघडले.